पदराची तांबडी पट्टी

माझा बा मागावर जाडंभरडं लुगडं विणायचा. पदराला बोटभर तांबडी पट्टी. आमच्या वस्तीतल्या साऱ्या बाया तेच नेसायच्या. ती पट्टी दिसली की बाभुळगावच्या बाजारात दुकानदार मायच्या ओच्यात लांबूनच सामान टाकायचा. कुठल्या वस्तीतली, हे त्याला विचारावंसुद्धा लागत नसे.

छप्पन सालानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या गावाची धम्मदीक्षा ठरली. घरातले देव मायनं आधीच नदीत सोडले होते, मागं वळून न पाहता. आता तिला एकच हवं होतं, पांढरंशुभ्र, बिनपट्टीचं लुगडं. बानं ते विणायला घेतलं.

त्याच्या डोळ्यांवर पडदा आला होता; उन्हात ठसठशीत रंग तेवढा कळायचा. सुताच्या कांड्या मी भरायचे आणि तो टोपलीत चाचपून उचलायचा. उजवीकडे पांढऱ्या, डावीकडे तांबडी. मी पहिल्यापासून धांदरट. सवयीनं डावीकडे तांबडी ठेवून मोकळी झाले. दीक्षेच्या आदल्या दिवशी लुगडं मागावरून उतरलं, तर पदराला ती पट्टी, चांगली ठसठशीत.

चूक माझी आहे, हे मी रडत रडत सांगून टाकलं. बा म्हणाला, तुझी नव्हे. रंगवलेलं सूत बोटांना कडक लागतं; कांडी हातात येताच त्याला कळलं होतं.

"मंग काहून लावली?" मायनं विचारलं.

"बाजाराच्या गर्दीत मी तुले त्या पट्टीवरूनच वयखतो," बा म्हणाला. "पांढऱ्यात तू मले दिसशीन कशी?"

मायनं लुगड्याला हातही लावला नाही. शेवटी बानं स्वतःच कात्री मागितली. विणल्या कापडाला कात्री लावणाऱ्याला तो कसाई म्हणायचा. मी त्याचं बोट पट्टीवर ठेवलं आणि त्यानं पट्टीसकट पदराचं टोक कापलं. लुगडं वीतभर आखूड झालं.

दुसऱ्या दिवशी शाळेपुढच्या मैदानात पांढरंच पांढरं. बाया एकीकडे, पुरुष एकीकडे. मी बाजवळ बसले होते. तो सारखी मान वळवून पाहत होता. त्याची ती नजर आठवली की मला आजही सोसत नाही.

"तुही माय कुठी हाय?" त्यानं विचारलं. मी बोट दाखवलं. बोट तरी त्याला कुठं दिसणार!

मायनं ते पाहिलं. ती बायांमधून उठली, साऱ्या पुरुषांमधून चालत आली आणि तिनं त्याचा हात धरला. आमच्यात चारचौघांत असं कुणी करत नसे.

"मी आहो," ती म्हणाली.

प्रतिज्ञा सुरू झाल्या. सगळ्यांनी हात जोडले. तिनं त्याचा सोडला नाही.