चौथ्या ओळीच्या पुढे

आमच्या संग्रहालयात त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना सेकंदकाका म्हणतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या दालनाच्या मधल्या दारापाशी एक लाकडी स्टूल आहे. त्यावर उजवा पाय लांब करून, मांडीवर वही ठेवून बसलेला खाकी शर्टातला रखवालदार दिसला, की ते काका. एकोणीस वर्षं त्यांनी अग्निशमन दलात आगी विझवल्या. मग गुडघा कामातून गेला आणि दलाने त्यांना आपल्याच संग्रहालयाच्या राखणीला पाठवलं.

संग्रहालय म्हणजे दलाचं जुनं ठाणं. जिथे बंब उभे राहायचे तिथे आता तीन दालनं आहेत, आणि ती मी सांभाळते. पाट्याही मीच लिहिते. आले तेव्हा मला माझ्या लिहिण्याचा भारी अभिमान होता. एकेका वस्तूखाली मी चौदा-पंधरा ओळींची पाटी लावली होती, आणि साहेबांनी ‘अभ्यासपूर्ण’ असा शेरा दिल्यामुळे मी महिनाभर हवेत होते.

रुजू होऊन दोन महिने झाले असतील. एका दुपारी काका वही घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

“मॅडम, राग मानू नका. पण तुमची पंपाची पाटी लोक चौथ्या ओळीला सोडतात.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“पायांवरून. वाचताना माणूस दोन्ही पाय सरळ ठेवतो. कंटाळला की आधी एक पाऊल वळतं. डोळे अजून पाटीवर असतात, पण तो गेलेला असतो. पुढचं वाचतो ते आपलं दिसायला.”

त्यांनी वही उघडली. प्रत्येक पाटीचा क्रमांक आणि पुढे सेकंद. पाच, चार, सहा, पुन्हा चार. सकाळ वेगळी, दुपार वेगळी, शाळेच्या सहली वेगळ्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दहावी नापास माणूस मला लिहायला शिकवणार, हे तेव्हा मनात आलं, आणि आलं होतं हे मी आज कबूल करते. दुसऱ्या दिवशी मी जुन्या बंबाच्या आडोशाला उभी राहून स्वतः मोजलं. चौथी ओळ आली की पाऊल वळायचं. एक बाई तर तिसरीलाच गेल्या.

मी पाटी काढून काकांसमोर धरली. ‘सदर हस्तचलित जलपंप हा अग्निशमनाच्या इतिहासातील एक महत्त्वपूर्ण टप्पा मानला जात असून’ अशी तिची सुरुवात होती.

“हे ‘महत्त्वपूर्ण’ कशाला?” काका म्हणाले. “महत्त्वाचा नसता तर काचेत ठेवला असता का? तुम्ही हा पंप कधी चालवलाय?”

“मी कशाला चालवेन?”

“आम्हाला शिकताना शिक्षा म्हणून चालवायला लावायचे. आठ जण लागतात. दोन मिनिटांत खांदे भरून येतात. म्हणून दुसरे आठ बाजूला उभेच असायचे.”

“हे कुठल्या पुस्तकात आहे?”

“कुठल्याच नाही. म्हणून तर लिहा.”

लिहिलं. पाच ओळी. लोक शेवटपर्यंत वाचू लागले, आणि वाचून झाल्यावर दोघं-चौघं पंपाच्या दांड्यापाशी उभे राहून, आपण आठ असतो तर कसे उभे राहिलो असतो, याचा हिशेब करू लागले. त्या दिवसापासून आमची जोडी जमली. मी लिहायचे, काका वाचायचे आणि जिथे त्यांना श्वास घ्यावा लागे तिथे पेन्सिलीने रेघ मारायचे. वर्षभरात आम्ही दोन दालनांच्या पाट्या बदलल्या. माझी किती लाडकी वाक्यं त्या पेन्सिलीखाली गेली याची गणती नाही. पण मी सुधारले, हेही खरं.

तिसरं दालन राहिलं होतं, तोच मुख्य कार्यालयातून साहेब आले. तिथे मोठा पडदा लावून चित्रफीत दाखवायची होती आणि त्यासाठी जागा हवी होती. ज्या वस्तूंपाशी कोणी थांबत नाही त्या गोदामात टाका, असं त्यांनी सांगितलं.

“तुमच्या त्या रखवालदाराची वही आहे ना? तिच्यावरून यादी करा. वादच नको. एक महिना देतो.”

मी यादी केली. सगळ्यात खाली क्रमांक बावीस होता, एक हेल्मेट, सरासरी तीन सेकंद. यादी काकांना दाखवली तेव्हा त्यांचं बोट तिथेच थांबलं.

“बावीस पण?”

“तुमचीच वही आहे, काका.”

“हे माझ्या जोडीदाराचं आहे. आम्ही दोघं एकाच पाइपावर असायचो.”

मला फाइलीतलं नाव माहीत होतं, तारीख माहीत होती. कापडाच्या गोदामाची आग, एक जवान गेला. त्याची बायको दर वर्षी त्या तारखेला येते, हेही मला ठाऊक होतं. दुपारी यायची, काचेपुढे थोडा वेळ उभी राहायची, काकांशी दोन शब्द बोलायची आणि जायची. आजूबाजूने लोक न थांबता पुढे सरकायचे. पण काका त्याचे जोडीदार, हे कोणी मला सांगितलं नव्हतं.

“तीनाचे तेहतीस करायला एकच आकडा लागतो,” मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बोललेले शब्द गिळता आले असते तर मी गिळले असते.

“मग वही कशाला ठेवली?” ते म्हणाले. “महिना आहे ना? पाटी मी लिहितो.”

चार दिवसांनी त्यांनी दोन कागद आणून दिले. मी वाचले आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. शूर, धाडसी, कर्तव्यनिष्ठ, दिलदार. ‘निधड्या छातीचा’ तर दोनदा होतं. मला ‘महत्त्वपूर्ण’वरून झापणारा माणूस हाच का, असं वाटलं. मी पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आपलाच कागद उचलून वाचला.

“चौथ्या ओळीला सोडतील,” ते म्हणाले.

“दुसऱ्या.”

ते हसले, पण हसू टिकलं नाही.

“काका, तो कसा होता ते राहू द्या. त्या दिवशी काय झालं ते सांगा.”

ते गुडघा चोळत राहिले. मग सांगितलं. वरच्या मजल्यावर गोदामाच्या पहारेकऱ्याची सात वर्षांची मुलगी अडकली होती. जोडीदार खिडकीतून आत गेला, काका शिडीवर थांबले. तो मुलीला घेऊन खिडकीशी आला तेव्हा वरून जळते तुकडे पडत होते. त्याने आपलं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर घातलं, पट्टा आवळला आणि तिला काकांच्या हातात दिलं.

“हेल्मेट त्याला परत द्यायला हवं होतं. मी प्रयत्न केला. बक्कल निघेना. म्हटलं आधी पोर खाली नेतो, मग वर येतो. मी खाली पोचलो आणि छत कोसळलं.”

कोणाला सांगितलं होतं का, असं मी विचारलं. चौकशीत लिहून दिलं, तेवढंच, असं ते म्हणाले. वहिनींना कधी सांगायचा धीर झाला नव्हता.

ते गेल्यावर मी तिसऱ्या दालनात जाऊन माझी जुनी पाटी वाचली. पहिल्या सहा ओळींत हेल्मेट कोणत्या मान्यवरांच्या हस्ते संग्रहालयाला मिळालं ते होतं. अकराव्या ओळीत लिहिलं होतं, ‘एका बालिकेस सुखरूप बाहेर काढण्यात आले.’ मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या खेपेला काकांनी सगळं जसं घडलं तसं लिहिलं, शिडी, खिडकी, अडकलेलं बक्कल, सगळं. आम्ही ती पाटी आठवडाभर लावून पाहिली. लोक तीस-तीस सेकंद थांबू लागले. मी खूश झाले, पण काका स्टुलावर बसून मान हलवत होते.

“मॅडम, जरा बघा. हे पाटी वाचतात आणि जातात. हेल्मेटकडे कोण बघतंय?”

खरंच कोणी बघत नव्हतं. बघण्यासारखं त्यात काही दिसतही नव्हतं. ते जळालेलं नव्हतं, चेपलेलं नव्हतं, थोडी काजळी सोडली तर नव्यासारखं होतं.

“असंच असेल तर पाटी भिंतीवर ठोका आणि ते गोदामात टाका,” काका म्हणाले. “साहेबांचं तरी काय चुकलं?”

मग ते उठले, काचेपाशी गेले आणि मला पेटी उघडायला सांगितली. इतकी वर्षं ते हेल्मेट पालथं ठेवलेलं होतं. आम्ही ते कुशीवर वळवलं. हनुवटीखालचा पट्टा समोर आला, शेवटच्या भोकात अडकलेला. दुसऱ्या बाजूने तो कापलेला होता, मुलीच्या डोक्यावरून हेल्मेट काढताना कापला असणार; बक्कल मात्र चौकशीनंतरही कोणी सोडलं नव्हतं.

त्यानंतर काकांनी कागद मांडीवर घेतला आणि ओळींवर ओळी खोडल्या. शिडीवरचा सगळा भाग गेला.

“तो राहू द्या ना,” मी म्हणाले. “तेच तर खरं आहे.”

“खरं आहे, पण ते माझं आहे. वाचणारा माझ्यापाशी अडकेल. त्याला त्या पट्ट्यापर्यंत न्यायचंय.”

पाटी अशी झाली:

‘हे हेल्मेट आगीतून बाहेर आलं. ज्याचं होतं, तो आला नाही. त्याचा पट्टा बघा. तो शेवटच्या भोकात आहे. मोठ्या माणसाला इतका घट्ट बसत नाही. सात वर्षांच्या मुलीला बसतो. तिला शिडीवरच्या जोडीदाराकडे देण्याआधी त्याने तो आवळला. ती मुलगी जगली.’

पहिल्याच सकाळी एक धिप्पाड गृहस्थ मुलांना घाई करत आले. वाचलं, वाकले, पट्ट्याकडे पाहिलं. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीखाली गेला. मग मी तेच पाहत बसले. किती जणांचा हात तिथे जायचा. महिनाअखेरीस साहेब आले आणि वही मागण्याआधी बावीस नंबरपाशी स्वतःच थांबले. त्यांचाही हात वर गेला.

“हे इथेच राहील,” ते म्हणाले. “पडद्यासाठी दुसरी भिंत बघा.”

भिंत मोकळी झाली ती दलाच्या रचनेचा माझा सहा फुटी तक्ता काढून. वस्तू नाही म्हणून तो यादीत नव्हता, पण वहीत त्याची सरासरी दोन सेकंद होती, तेव्हा तो मीच उतरवला.

ती तारीख आली आणि दुपारी वहिनी आल्या. काका स्टुलावरून उठून भिंतीला टेकून उभे राहिले. वही त्यांनी मिटली होती. वहिनींनी पाटी वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. मग काचेवर वाकून पट्टा पाहिला. मी माझ्या खोलीत जायला हवं होतं, पण गेले नाही.

“भाऊजी,” त्या वळून म्हणाल्या, “शिडीवर कोण होतं ते लिहिलं नाहीत तुम्ही.”

“मी होतो, वहिनी.”

“माहीत आहे. तुमच्या बंबाच्या चालकाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तुमच्या तोंडून कधी ऐकायला मिळतंय, म्हणून दर वर्षी येत होते.”

काका काचेपाशी आले. “हेल्मेट त्याला परत द्यायचं होतं. मी खूप ओढलं. बक्कल निघालंच नाही.”

वहिनींनी पुन्हा एकदा काचेतून पट्ट्याकडे पाहिलं.

“निघू नये म्हणूनच लावलं होतं ना त्यांनी,” त्या म्हणाल्या.