ध्रुवावरचा निळा समुद्र

जुन्या चित्रांच्या दुकानात उत्तर ध्रुवाचा एक जुनाट नकाशा टांगलाय. ध्रुवाच्या जागी मोकळा निळा समुद्र रंगवलेला. तिथवर तेव्हा कुणीच पोचलं नव्हतं.

"मग हा समुद्र काढला कशावरून?" मी विचारलं.

"अंदाजानं," दुकानदारबाई म्हणाल्या. "कोरी जागा माणसाला बघवत नाही हो."

त्या निळ्या रंगाच्या भरवशावर जहाजं निघाली असतील आणि बर्फात कायमची अडकली असतील. रंगवणारा मात्र आपल्या घरी, शेकोटीपाशी.

सकाळी दवाखान्यात दादाबद्दल डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "पुढचं काहीच सांगता येत नाही." वहिनीनं बाहेर येऊन आईला फोन केला, "बरे होतील म्हणालेत."

घरी पोचलो, तर आई येत्या थंडीसाठी दादाच्या मापाचा स्वेटर विणत बसली होती.