वर काच, खाली बटणं

शिरूरच्या मोबाईलच्या दुकानात मी सरळच विचारलं, "वर काच हवी आणि खाली बटणंही हवीत. आहे का तसा फोन?"

दुकानदार म्हणाला, "मॅडम, बटणांचा म्हणजे साधा आणि काचेचा म्हणजे टच. दोन्ही एकात आता येत नाहीत."

"पूर्वी येत होते."

"पूर्वी येत होते. आता कुणी मागत नाही. कुणासाठी हवाय?"

"बहिणीसाठी. तिला काचेवर टाईप करता येत नाही."

"मग टाईप कशाला करायचं? माईकच्या खुणेवर बोट ठेवायचं आणि बोलायचं. फोनच लिहून देतो. माझ्या सासूबाईंना जमतं, म्हणजे बघा."

मी "बरं" म्हटलं आणि पायऱ्या उतरले. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्या बहिणीची स्वरपेटी ऑपरेशन करून काढून टाकली आहे, हे त्याला कुठून कळणार?

ताई दौंडला असते, मी न्हावऱ्याला. मी शाळेत लिपिक आहे. शाळा सुटली की घरी येऊन गाईंचं पाहायचं, दूध डेअरीत पोहोचतं करायचं आणि मग ओट्यावर कणीक मळायला घेतली की ताईचा फोन यायचा. फोन खांद्यात धरून मी पोळ्या लाटायची. बोलायची तीच. मी "हं" आणि "मग?" एवढंच म्हणायची. शेजारणीने वाळवण कसं बिघडवलं, बाजारात गवार कशी जून निघाली, माझ्या नवऱ्याने ठिबकच्या नळ्या कुठल्या घ्यायला हव्या होत्या, या सगळ्यावर तिचं मत असायचं आणि ते कुणी मागायची वाट ती बघायची नाही. कधीकधी मला कंटाळाही यायचा. पोळ्या संपल्या की मी "ठेवते गं" म्हणायची आणि ती म्हणायची, "ठेव, पण आधी एक ऐक."

ऑपरेशननंतर ते बंद झालं. ती बरी झाली, खायला लागली, बाजारहाटही करते. घरात पाटी ठेवली आहे, तिच्यावर लिहून ती दाजींना कामं सांगते. पण पाटी न्हावऱ्याला कशी दिसणार? मुलांनी तिला मोठ्या काचेचा फोन घेऊन दिला. त्यावरून मला काय यायचं, तर एक पिवळा अंगठा. मी विचारायची, "जेवलीस का?" अंगठा. "डॉक्टर काय म्हणाले?" अंगठा. "गळा दुखतो का अजून?" पुन्हा अंगठा. जी बाई गवारीवर अर्धा तास बोलायची, तिच्याकडून मला दिवसाला एक अंगठा मिळायचा. पोळ्या आता लवकर आटपायच्या.

तिला काचेवर लिहिता येत नव्हतं, याचं कारण अडाणीपण नव्हतं. उलटंच होतं. ताईचा दौंडला मराठी टायपिंगचा क्लास होता. स्टेशनजवळच्या बोळात पत्र्याच्या खोलीत यंत्रं ओळीने मांडलेली. मालगाडी गेली की टेबलं थरथरायची. सगळी यंत्रं एकदम सुरू झाली की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नसे, पण ताईचा आवाज त्या सगळ्यावरून यायचा. खरखरीत, जाड आवाज होता तिचा. "मनगट वर! दाबू नकोस, मार! बटण मारून सोडायचं!" मीही तिथेच शिकले. बहीण म्हणून सवलत नव्हती. बटणांकडे बघणाऱ्या मुलीच्या हातांवर ती टॉवेल पसरायची आणि टॉवेलाखाली टाईप करायला लावायची. महिनाभरात बोटांना अक्षरांची घरं पाठ व्हायची. कुठलं अक्षर कुठे आहे ते विचारलं तर सांगता आलं नसतं, पण बोट बरोबर तिथे जायचं. संगणक आले तेव्हा तिने यंत्रं विकली आणि क्लास बंद केला. त्यानंतर बटण मारायचा तिचा संबंध तुटला.

अशा बाईला काच दिली तर ती काचेवर बोट मारते. एका अक्षराची तीन उमटतात, नाहीतर शेजारचं उमटतं. बोटाला काही लागतच नाही, तर मारलं की नाही हे कळणार कसं? दोनचार दिवस तिने प्रयत्न केला आणि मग अंगठ्यावर आली. म्हणून मला बटणं हवी होती. साधा फोन मी आधीच बाद केला होता. बारा बटणं आणि एकेका बटणावर अक्षरांची गर्दी. त्यावर ताईने पाटीवर लिहिलं असतं, "हे तूच वापर."

शिक्रापूरला शाळेच्या कामाने गेले होते, तिथे तो फोन सापडला. हायवेला लागूनच जुन्या मोबाईलचं दुकान आहे. कंपनीत काम करणारी पोरं खोली सोडून गावी जाताना फोन विकून जातात, त्यांचा ढीग तिथे असतो. दुकानदाराने बराच वेळ खालचा खोका उपसला आणि एक जाडजूड फोन काढून पुसला. वरच्या अर्ध्या भागात काच आणि खाली बटणांच्या तीन ओळी, अगदी संगणकाच्या कीबोर्डासारख्या, फक्त बारीक.

"ह्यो बघा. टच बी हाय आन् बटणं बी हायत. पण मावशी, ह्याला आता कव्हर मिळायचं न्हाई."

"कव्हर नको. चालतो का?"

"चालतो म्हंजी? एकदा खाली टाकून बघा. फरशी फुटंल."

मी बटणं दाबून पाहिली. प्रत्येक बटण खाली जाऊन वर यायचं, बारीक टक आवाज करायचं. मी ताबडतोब घेतला. मेसेज जातो का, येतो का, मराठी अक्षरं दिसतात का, हे सगळं तिथेच तपासलं. मी तपासल्याशिवाय काही घेत नाही.

रविवारी दौंडला गेले. दाजींनी दार उघडलं. ते रेल्वेतून निवृत्त झाले आहेत, आणि ताईची वाचा गेल्यापासून घरातलं बोलणं त्यांच्यावर आलं आहे.

"या. शांततेत या," ते म्हणाले. "आमच्याकडं आता भांडणं बी मुक्यानं होत्यात. फक्त खडू लई लागतो."

ताईने आतून पाटी उंच धरली. पाटीवर लिहिलं होतं, "बाराच्या गाडीने येणार होतीस."

"चौफुल्याला गाडी चुकली," मी म्हटलं आणि फोन तिच्या हातात दिला.

तिने तो उलटसुलट केला, हातावर तोलला. मग टेबलावर ठेवला, खुर्ची पुढे ओढली, पाठ ताठ केली आणि दोन्ही हात त्यावर आणले. दहा बोटं मावत नव्हती, म्हणून दोन्ही हातांची दोन बोटं वापरली. पण ती काय चालली! तिने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत लिहीत राहिली, टकटकटकटक. क्लासमधलं तिचं तेच तोंड मला कितीतरी वर्षांनी दिसलं. मग थांबली आणि फोन माझ्याकडे फिरवला.

काचेवर इंग्रजी अक्षरांची रांग होती. शब्द नव्हते. नुसती अक्षरं, मूठभर धान्य सांडावं तशी.

दाजी वाकून बघत म्हणाले, "ही कुठल्या मुलखातली भाषा म्हणायची?"

चूक लगेच कळली आणि ती माझीच होती. शाळेतल्या संगणकाच्या बटणांवरही इंग्रजी अक्षरंच छापलेली आहेत. मी बोटं मराठीची चालवते आणि मराठी उमटतं. कुणीतरी कधीतरी तशी सोय करून ठेवली आहे, आणि इतक्या वर्षांत बटणांवर काय छापलंय ते मी बघितलेलंच नव्हतं. बघायचं नाही, हेच तर आम्हाला शिकवलं होतं. दुकानात मी सगळं तपासलं आणि नेमकं हेच राहिलं.

शिक्रापूरला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, मराठी दिसंल, पण बटणातनं मराठी न्हाई यायचं. बटणावर इंग्रजी छापलंय की! वाचलं न्हाई का तुम्ही?"

ताईला इंग्रजी टायपिंग येत नव्हतं. क्लासमध्ये इंग्रजीला दुसरे सर होते. तिने आणखी एकदा लिहून पाहिलं, पुन्हा तीच सांडलवंड. मग तिने हात मांडीवर घेतले. पाटी जवळच होती, पण पाटीकडेही वळली नाही.

मी म्हटलं, "दे इकडे. परत करते." तिने फोनवर हात ठेवला आणि मान हलवली. नको. मला वाटलं, माझं मन राखते आहे. त्याने मला आणखी चीड आली. दाजी चहा घेऊन आले तोवर मी चपला घालत होते. गाडीचं निमित्त सांगितलं आणि निघाले.

पाटसच्या पुढे गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. तेवढ्यात माझा फोन वाजला. ताईचा मेसेज. तीच इंग्रजी अक्षरं. पी, जी, के. मग मोकळी जागा. मग डी, आय, के, आर. पुन्हा जागा. आर, एल, के, पी.

मला वाटलं, चुकून गेला असेल. पण जागा सोडलेल्या होत्या. चुकून गेलेल्या मेसेजात इतक्या नीट जागा नसतात. मांडीवर पिशवी होती. पिशवीवर मी दोन्ही हात ठेवले, संगणकावर ठेवते तसे, आणि पी मारला. उजवी करंगळी वरच्या ओळीत गेली. च. जी म्हणजे डाव्या हाताचं पहिलं बोट. ह. के म्हणजे उजवं मधलं बोट. काना.

चहा.

डी, आय, के, आर. कपात. पुढचं डोळ्यांनीच कळलं. तसाच.

चहा कपात तसाच.

शेजारी एक बाई बसली होती. ती बराच वेळ माझी बोटं बघत होती. "पेटी शिकताय व्हय, बाई?"

"नाही, वाचतेय," मी म्हटलं. ती जरा खिडकीकडे सरकून बसली.

चौफुला येईपर्यंत आणखी दोन मेसेज आले. काही अक्षरांची बटणं त्या फोनवर नव्हतीच. य नव्हता, घ नव्हता. तिथे तिने टिंब दिलं होतं. जोडाक्षरांची खटपट सोडून दिली होती. तरी मला एकही शब्द अडला नाही. दुसऱ्यात लिहिलं होतं की दाजी तुझा चहा पिऊन टाकत आहेत. तिसऱ्यात, मी बोटाने मराठी मारते, तुझी बोटं वाचतील, आणि वाचता आलं नाही तर क्लासची फी परत दे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन टकटकतो. मी आता कणीक आधीच मळून ठेवते, कारण हात मोकळे लागतात. ओट्याच्या कडेवर बोटं ठेवते आणि एकेक ओळ मारते. उत्तर मी काचेवरून मराठीत पाठवते, ते तिला नीट दिसतं. माझा नवरा आधी विचारायचा, "काय म्हणती?" मी फोन पुढे करायची. अक्षरांकडे बघून तो म्हणायचा, "काही उमगत न्हाई," आणि गोठ्याकडे जायचा. हे आमच्या दोघींशिवाय कुणाला वाचता येत नाही. याचा मला आनंद होतो, हे मी नाकारत नाही. शेजारीण परत आली, गवार आली, ठिबकच्या नळ्यांवरचं मतसुद्धा आलं. तिला माझ्याशी बोलायचं होतं ते सगळं येऊन पोहोचलं.

आवाज तेवढा आला नाही.

सुरुवातीला मी ओळ मारली की ती आपोआप ताईच्या आवाजात ऐकू यायची. खरखर, शेवटच्या शब्दावर दिलेला जोर, सगळं. पुढे पुढे ते व्हायला वेळ लागू लागला. एकदा शाळेत ऑफिसात कुणी नव्हतं, तेव्हा मी तिचा एक लांबलचक मेसेज मोठ्याने वाचून पाहिला. ती म्हणायची तसं म्हणून पाहिलं. माझाच आवाज आला. पुन्हा जाड करून म्हटलं, तर कुणाची तरी नक्कल केल्यासारखं वाटलं, आणि ती ताईची नव्हती. फोनमध्ये शोधलं, मुलांकडे, भाच्यांकडे विचारलं, कुणाकडे तिचं बोलणं साठवलेलं आहे का. लग्नांचे व्हिडिओ निघाले. त्यात बँड आहे, भटजी आहेत, ताई मागे कुठेतरी हात हलवताना दिसते. तिचं बोलणं कुणीच ठेवलेलं नव्हतं. ती रोजच बोलायची, मग ठेवून कुणी घेतलं असतं? मी इतकी वर्षं पोळ्या लाटत ऐकलं आणि "ठेवते गं" म्हणत राहिले.

हे तिला सांगायचं नव्हतं. पण एका संध्याकाळी ती विचारत होती की आज गप्प का, आणि मला खोटं सुचेना. मी लिहिलं, "ताई, तुझा आवाज आता मला नीट आठवत नाही."

मी पोळ्या केल्या, ओटा पुसला, गाईंना पाणी दाखवलं. परत आले तेव्हा दोन मेसेज येऊन पडले होते. पहिला एकाच शब्दाचा होता. तो मी ओट्यावर मारला.

मलाही.

मग दुसरा मारला. रविवारी ये, पोहे करते, आणि येताना तुमच्याकडचे कांदे आण. नीट निवडून आण. मागच्या वेळचे निम्मे नासके होते.