फळीतला किडा

कुरकुंभच्या कारखान्यात परदेशी मशिनी लाकडी खोक्यांतून यायच्या. गेटवरचे मामा आधी लाकडावरचा शिक्का शोधायचे. शिक्का म्हणजे लाकूड तापवून आतला किडा मारलेला. शिक्का नसला की खोकं थेट बॉयलरमध्ये.

तसल्याच एका खोक्याची फळी मी देव्हाऱ्यासाठी मागितली. मामांनी मला तिला कान लावायला सांगितलं आणि दुसऱ्या टोकाला स्वतःचा गाल टेकवला. आतून कुरकुर ऐकू आली.

“परदेशी किडा हाय. हितल्या भांडगावच्या आंब्यांना आपलं किडं कमी हायेत व्हय?”

मी फळी टाकली. तेवढ्यात मामांच्या तोंडातून फुटाणा पडला.

“किडा डोळ्याला दिसत न्हाई सायेब,” मामा शांतपणे म्हणाले, “आन् ऐकू आल्याबिगर लोक फळी सोडत न्हाईत.”

आमचे देव अजून कोनाड्यातच आहेत. भांडगावचे आंबे मात्र ठणठणीत आहेत.