स्टेशनरीचं कपाट

इंग्रजीत एकसारखे दिसणारे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ कागद, पेन, टाचण्या, लिफाफे. दुसऱ्याचा अर्थ जागचं न हलणारं, थांबलेलं. कानाला दोन्ही ‘स्टेशनरी’च. फरक शेवटाकडच्या एका अक्षराचा. एकात ‘ए’ येतो, दुसऱ्यात ‘ई’. बस, एवढीच गोष्ट. शाळेतलं पोरगंही डिक्शनरी उघडून दोन मिनिटांत सांगेल कुठला कोणता. या एवढ्याशा गोष्टीपायी मी एका भल्या माणसाशी जसा वागलो, ते आठवलं की मी एकटा बसलेलो असलो तरी मान खाली जाते.

मी अमरावतीत इंग्रजीचे क्लास घेतो. घराची पुढची खोली, एक फळा, सहा बाक, आणि दाराबाहेर पाटी. पाटीवर ‘एम.ए. इंग्लिश’ हे माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे, यावरून काय ते समजा. मी रागीट आहे, हेही आत्ताच सांगून टाकतो. कुणी मध्ये बोललं की माझं डोकं सटकायचं. विद्यार्थी मला भ्यायचे आणि कशाला खोटं बोलू, मला ते आवडायचं.

सकाळी साडेसहाची बॅच नोकरीवाल्यांची असे. खात्याची परीक्षा देऊन वर सरकू पाहणारे वीसेक लोक. त्यात एका सरकारी कार्यालयातले शिपाई होते. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. बडनेऱ्याहून सायकल हाणत यायचे, चपला पायरीच्या खाली काढायचे, आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे. आम्ही सगळेच त्यांना भाऊ म्हणायचो. बसून बोला म्हटलं तरी ते उभे राहूनच बोलत, आणि प्रत्येक बोलण्यात एकदा तरी ‘सर’ लावत, कधी दोनदा. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “सर, क्लार्कच्या परीक्षेचा हा शेवटचा चान्स हाये सर. यंदा नाई निघालो तं वयात बसत नाई. मंग शिपाई म्हनूनच रिटायर होतो.”

माझ्या क्लासची एक पद्धत होती. एकसारख्या शब्दांची जोडी आली की मी तिला मराठी खूण जोडून द्यायचो, आणि ती खूण सगळ्यांनी मोठ्यानं तीनदा म्हणायची. मग ती फेअर वहीत उतरवायची. या खुणांचा मला भारी गर्व होता. गल्लीतल्या लोकांना पाठ झाल्या होत्या.

त्या दिवशी ही जोडी आली. आदल्या दिवशी मी तयारी केली नव्हती. एम.ए. झालेल्यानं कशाला तयारी करायची! फळ्यासमोर उभा राहिलो, दोन्ही शब्द लिहिले, आणि तिथल्या तिथं खूण रचली. “‘ए’ची स्टेशनरी अभ्यासाची, ‘ई’ची स्टेशनरी इथंच उभी.” यमक नसलं तरी ताल होता. वीस मोठी माणसं एका सुरात म्हणाली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी भाऊ उभे राहिले.

“सर, एक विचारू का सर? आमच्या हापिसात कागदायचं कपाट हाये. त्याच्यावर ‘ई’वाली लिवली हाये. मागणीच्या फॉर्मावरही ‘ई’च छापली हाये सर. वीस वर्सं झाले, मीच उघडतो ते कपाट.”

तिथंच थांबून मी “पाहून सांगतो” म्हणालो असतो तर हे लिहायची वेळच आली नसती. पण वीस जणांसमोर शिपाई माझी चूक काढतो, हे माझ्या डोक्यात गेलं. हो, शिपाई असंच डोक्यात आलं होतं. ते लपवून काय उपयोग?

मी म्हणालो, “भाऊ, तुमच्या कपाटानं एम.ए. केलं आहे का?”

सगळे खो खो हसले. भाऊसुद्धा थोडे हसले. “नाई सर. म्हनून तं विचारलं सर,” एवढं म्हणून बसले. मग आम्ही खूण तिसऱ्यांदा म्हणालो. मी मुद्दाम कान देऊन ऐकलं, त्यांचाही आवाज त्यात होता.

क्लास सुटल्यावर मी डिक्शनरी उघडली. मग दुसरी उघडली, कारण पहिलीवर माझा विश्वास बसेना. कपाट बरोबर होतं. मी साफ चुकलो होतो.

बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मंग उद्या सांगून टाका ना. त्यात काय होते?” मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभा राहिलो, घसा खाकरला, आणि दुसराच धडा काढला. तिसऱ्या दिवशी तेच. माझ्या क्लाससमोरच एक नवा क्लास निघाला होता, म्हणून घाबरलो असं मी स्वतःला सांगत होतो. डोंबलाचा क्लास! भाऊंसमोर “तुमचंच बरोबर होतं” हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हते, एवढंच खरं.

महिनाभरानं सराव परीक्षा घेतली. प्रश्नपत्रिका मी आधीच छापून आणलेली होती आणि त्यात ही जोडी होती. पेपर तपासायला बसलो. सगळ्यांनी मी सांगितलं तसंच लिहिलेलं. भाऊंच्या पेपरात आधी ‘ई’ लिहून खोडलेली होती आणि वर काळजीपूर्वक ‘ए’ काढलेला होता. त्यांना बरोबर येत होतं आणि माझ्यासाठी त्यांनी ते चूक केलं होतं. लाल पेन हातात धरून मी बराच वेळ बसलो. मग त्या चुकीवर बरोबरची खूण केली. वीसही पेपरांवर केली.

भाऊ क्लार्कची परीक्षा पास झाले.

निकालाच्या संध्याकाळी ते घरी आले. नवा शर्ट, हातात पेढ्यांचा डबा, पिशवीत दुपट्टा आणि टोपी. आमच्याकडे मान द्यायचा तर असाच देतात. मी नको नको म्हणत असताना त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, दुपट्टा खांद्यावर घातला, आणि वाकून नमस्कार केला. माझ्यापेक्षा मोठा माणूस. मी पेढा त्यांच्याच तोंडात घातला, हसलो, बायकोला चहा टाकायला सांगितलं. सगळं छान चाललं होतं. पण भाऊ काही केल्या मोकळे बसेनात. खुर्चीच्या काठावर बसून रिकामी पिशवी मांडीवर घडी करत राहिले.

शेवटी म्हणाले, “सर, माझ्याकडून एक चुकी झाली सर.”

“काय झालं?”

“पेपरात तो शबुद आला होता सर. स्टेशनरीचा. मी तुमी शिकवल्यावानी नाई लिवला. लय ठरवलं होतं, सरायनं सांगतलं तेच लिवाचं. पन ऐन वक्ताले हात वळलाच नाई. ते कपाटच डोळ्यासमोर येत राहिलं सर.” ते पिशवीकडे बघत बोलत होते. “तुमच्या शिकवण्याच्या बाहीर गेलो. तवापासून मनाले लागून राहिलं. माफी असावी सर.”

काय सांगू! जमीन फाटून आत जावं असं वाटलं. बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. याहून चांगली संधी देवानं समोर वाढून दिली असती का? डोक्यावर त्यांनीच घातलेली टोपी होती. ती काढायची आणि सांगायचं, बस.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “असू द्या भाऊ. परीक्षेच्या घाईत होतं असं. मी काही मनावर घेतलं नाही.”

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. दोन्ही हात जोडले, चहा घेतला, आणखी एक पेढा खाल्ला. गेले तेव्हा सायकलवर बसता बसता वळून पुन्हा हात केला.

बायकोनं कप उचलले. “सांगितलं नाई ना?” एवढंच म्हणाली. मी म्हणालो, आता ते पास झाले, आता काय गरज? ती आत निघून गेली. पेढ्याला तिनं हात लावला नाही.

त्यानंतर भाऊंची बदली अकोल्याला झाली. दर शिक्षक दिनाला त्यांचा फोन येई. “सर, खुर्ची हाये, टेबल हाये, तुमच्यामुळं हाये सर. अकोल्याले आले तं घरी या सर.” मी हो हो म्हणायचो. फोन ठेवला की दिवसभर घरात कुणावर तरी खेकसायचो. आपली लाज दुसऱ्यावर काढायची, दुसरं काय!

यंदा हिवाळ्यात बहिणीच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी अकोल्याला जायचं निघालं. या वेळी सांगायचंच असं ठरवलं. गाडीत मूर्तिजापूरपर्यंत वाक्यं जुळवत होतो आणि मोडत होतो. साखरपुडा आटोपला आणि संध्याकाळी विचारत विचारत भाऊंच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीनं दार उघडलं. म्हणाल्या, “ते या वक्ताले विहारात असतात. पोरायले शिकवतात.”

वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून एक अभ्यासिका होती. पंचवीस-तीस मुलंमुली सतरंजीवर बसलेली. फळ्यासमोर भाऊ. केस पिकलेले, हातात खडू. मला पाहिलं आणि खडू टाकून धावत आले. “उठा रे, उठा! हे माझे सर होत! याह्यच्यामुळं मी हाये!” सगळी पोरं उभी राहून ‘नमस्ते सर’ म्हणाली. मला खुर्ची आणली. भाऊ अभिमानानं सांगू लागले, “सर, तुमच्याच खुणा शिकवून राहिलो सर. फेअर वही अजून हाये माझ्यापाशी.”

पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. तिची परीक्षा चार दिवसांवर होती. म्हणाली, “काका, मंग आता हे सर आले तं ती स्टेशनरीची जोडी सांगून द्या ना. तुमी दरसाल तेवढीच सोडता.”

मी भाऊंकडे पाहिलं. ते चपापले. मग मला जरा बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “तेवढी मी शिकवत नाई सर. डिक्शनरीतलं सांगतलं तं तुमचं खोटं पडते. तुमचं सांगतलं तं लेकरायचा पेपर चुकते. म्हनून पोरायले म्हनतो, घरी पाहून घ्या. माफ करा सर.”

पुन्हा माफी! जुळवलेली सगळी वाक्यं मी विसरलो. फळ्यापाशी गेलो आणि त्या मुलांसमोर म्हणालो, “तुमच्या काकांचं बरोबर होतं. मी चूक शिकवलं होतं. आणि चूक आहे हे मला त्याच दिवशी क्लास सुटल्यावर कळलं होतं. मी सांगितलं नाही.”

भाऊंनी खाली पडलेला खडू उचलला, फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, आणि म्हणाले, “लिवून घ्या रे. ‘ए’ची स्टेशनरी एका जागी. ‘ई’ची कपाटातली.” मुलांनी तीनदा म्हटलं. खूण त्यांच्याकडे तयार होती. किती वर्षांपासून तयार होती कोण जाणे.

मला सोडायला ते रस्त्यापर्यंत आले. ऑटो थांबवला. मी बसलो तरी त्यांनी दांडीवरचा हात काढला नाही. रागावलेले दिसत नव्हते. शांतपणे काहीतरी हिशेब लावत होते.

“त्याच दिवशी मालूम झालं होतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मंग मी पेढे घेऊन आलो होतो,” ते म्हणाले, “तवा तुमी मले माफ कायचं केलं?”

ऑटोवाला निघू का म्हणून मागे वळून बघत होता. इतक्या वर्षांत भाऊ पहिल्यांदाच माझ्याशी ‘सर’ न लावता बोलले होते.