फक्कीनं आखलेलं घर

त्यानं बुटानं आमचं स्वयंपाकघर पुसलं.

निजामपुऱ्यातली आमची बैठी चाळ पाडून बिल्डर सात मजले चढवणार होता. मी चाळीस वर्षं गवंडी. कागदावर नकाशा मला येत नाही, जमिनीवर येतो. म्हणून चाळीपुढं दोरी ताणून, चुन्याची पांढरी फक्की टाकून आम्हाला हवी तशी घरं आखली. खऱ्या मापाची. खाली चार, वरच्या दोन्ही मजल्यांवर चार-चार. मधे सगळ्यांचा चौक. जिना असा, की वळणावर तिरडी उभी करावी लागू नये. चाळीतली बाराही बिऱ्हाडं तीन मजल्यांत मावत होती.

शेजारचा सलीम कापडाच्या लूमवर कामाला. तो रेघांच्या आत आडवा झाला. "चाचा, पैर बाहर जा रहे हैं!"

"मग चौकात झोप."

सगळे हसले. मी भिंत वीतभर सरकवली.

तेवढ्यात बिल्डरचा इंजिनिअर आला. मी त्याला ओट्यावरची पाण्याची वाटी दाखवली. चाळीच्या मागच्या भिंतीला लागून लूम चालतात, दोन्ही शिफ्ट. पाणी थरथरत होतं. म्हटलं, "साहेब, हितं सात मजले नका चढवू."

तो पाण्याकडं बघून हसला नाही. म्हणजे त्याला कळलं होतं. तरी स्वयंपाकघराच्या रेघांवर बूट घासला.

"बाबा, तुमच्या लोकांनी माल कालवायचा. नकाशे आम्ही काढतो."

तुमच्या लोकांनी म्हणजे कुणी, हे आम्हाला सांगावं लागत नाही.

मग संमतीचा कागद काढला. शाईचा पॅड पुढं केला. "अंगठा लावा."

मला सही येते. त्यानं विचारलंसुद्धा नाही.

एकदा अशाच एका साहेबाच्या सांगण्यावरून मी खांबाची भेग गिलाव्यानं झाकली होती. भेग आरपार होती. दिसत होती मला. काम जाईल म्हणून गप्प बसलो. ती इमारत पुढं एक दिवस खाली बसली. आत माणसं होती.

पॅड मी त्याच्या हातात परत दिला. "अंगठा न्हाय. सही बी न्हाय. आधी त्या पाण्याचं काय ते सांगा."

"अडाणी," म्हणाला आणि गेला.

अकरा सह्या झाल्यात. सलीमचीही. "मजबूरी है, चाचा," म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाही.

परवा चाळीपुढं लोखंड उतरलं. जाऊन हात लावून बघितलं. खांबाच्या सळ्या माझ्या करंगळीपेक्षा बारीक.

रोज सकाळी मी फक्की टाकतो. बिल्डरचा ट्रक पुसून जातो. मी पुन्हा टाकतो. बारावी सही माझी. ती मिळणार नाही. चाळ पाडायची तर मी आत असताना पाडा.