उल्काला गाडी लागते

नणंदेने भावजयीची स्तुती करायची म्हणजे लोकांना वाटतं, हिला काहीतरी हवं असणार. मला काही नको. पेन्शन आहे, दात आहेत, आणखी काय पाहिजे? पण उल्काबद्दल बोलायला बसले की माझी जीभ आपोआप गोड होते, त्याला इलाज नाही. एरवी ही जीभ कशी आहे ते शाळेतल्या पोरांना विचारा.

उल्का म्हणजे माझा धाकटा भाऊ सलिल याची बायको. माहेर आंजर्ल्याचं. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा दारात माप भरून ठेवलेलं, बायका उखाणा ऐकायला टपलेल्या, आणि नवी नवरी मोटारीतून उतरली ती थेट कुंपणाशी जाऊन भडाभडा ओकली. सगळ्या जणी तोंडाला पदर लावून मागे सरल्या. मी पुढे झाले आणि तिचं कपाळ धरलं. आमच्याकडे ओकणाऱ्याचं कपाळ धरतात. त्याने ओकारी थांबत नाही, पण माणूस एकटं पडत नाही. तिने चूळ भरली, शालूच्या पदराला तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला गाडी लागते हो वन्सं." आमची ओळख झाली ती अशी.

लागते म्हणजे किती लागावी? एसटी, मोटार, रिक्षा, आगगाडी, फेरीबोट, काही म्हणजे काही चालत नाही. घरच्या झोपाळ्यावर ती आजतागायत बसलेली नाही. गोळी घे म्हणावं तर गोळी पोटात टिकायला नको? आवळासुपारी, लिंबू, आलेपाक, सगळं पर्समध्ये घेऊन फिरते, आणि सगळं करून दोन वळणांत पुन्हा पिशवी तोंडाशी. शेवटी तिने जाणंच सोडलं. बाजारहाट भाट्याचा पूल ओलांडून चालत. माहेर फोनवर.

आणि अशा बाईच्या पोटी जन्माला आली ऋजुता! सलिल म्हणायचा, "आईला गाडी लागते आणि पोरीला गाडीच लागते." खरंच तसं. आमच्या वाडीच्या मागे चढ चढून गेलं की सडा आहे, उघडा कातळ आणि तांबडी माती. तिथे पोरीने बापाची मोटरसायकल पाडून पाडून शिकून घेतली. पुढे मोटोक्रॉसमध्ये शिरली. म्हणजे मातीचे उंचवटे रचलेल्या ट्रॅकवरून मोटरसायकल उडवायची आणि हातपाय शाबूत ठेवून खाली यायचं. कुठे कुठे जाऊन बक्षिसं आणली. शोकेसमधल्या माझ्या चिनी मातीच्या बरण्या हलवून तिथे कप ठेवले, तरी मी ब्र काढला नाही.

उल्काने मात्र लेकीची एकही रेस पाहिली नव्हती. सगळे ट्रॅक घाटापलीकडे. सलिल सोबत जायचा आणि व्हिडिओ पाठवायचा. एकदा ऋजुताने हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ पाठवला. उल्काने चष्मा लावून तो मोठ्या हौसेने सुरू केला, आणि तिसऱ्या उडीला मोबाईल माझ्या अंगावर टाकून मोरीकडे पळाली. घरात, पाटावर बसून, मोबाईलची गाडी लागलेली जगात ही एकच बाई असेल! मी आधी हसले. मग मोरीत जाऊन कपाळ धरलं. तर रडत होती. "सगळं जग बघतं हो तिला वन्सं," म्हणाली. "मी आई असून बघत नाही."

गेल्या वर्षी ऋजुताचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, एवढा सीझन खेळ, मग बस कर. पोरीने ते मुकाट्याने मान्य केलं. उल्काच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं. आता नाही पाहिलं तर कधीच नाही.

आणि त्याच सुमारास हर्षद नाचत आला. हर्षद म्हणजे सड्यावर मोटरसायकलींचा क्लब चालवणारा आमचा उत्साही प्राणी. त्या वर्षीची नॅशनल ग्रां प्री, म्हणजे सीझनची शेवटची मोठी रेस, कुठे घ्यायची याचा निकाल व्हायचा होता. यादीतून गळत गळत दोन ट्रॅक उरले होते. एक घाटावरचा, कोल्हापूरकडचा, उसाच्या शेतांमधला. आणि दुसरा आमचा सडा!

"सड्यावर झाली तर मी चालत जाईन हो," उल्का म्हणाली. एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी डोक्यावर पेजेचं पातेलं आणि हातात मिरगुंडांचा डबा घेऊन चढ चढायला लागली. ट्रॅक नीट करणारी पोरं तिथे जेवायची. वाडीतला कोण घरी बसला नाही. मुंबईचे चाकरमानीसुद्धा रजा टाकून घमेली उचलायला आले, जे स्वतःच्या लग्नात पाट उचलत नाहीत ते! सड्यावर राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा दगड आहे, तो बरोबर ट्रॅकच्या मध्ये येत होता. दगड हलवायचा विचारसुद्धा कुणी केला नाही. ट्रॅकच वळवला. गंगाराम गुरवाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही जी काय ग्रांपरी येनार हाय, ती आमच्याच सड्याव येऊं दे रे म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो, "होय म्हाराजा!" मागून एका म्हातारीने मला हळूच विचारलं, "कोण गो ही परी?" मी म्हटलं, "आमची ऋजुता."

ट्रॅक पाहायला समिती येणार होती. हर्षदने सगळ्यांना पढवून ठेवलं. कुणी विचारलं की सांगायचं, रस्ता म्हणजे लोणी. वळणांचं नाव काढायचं नाही. आमची बाजू तिथेच लंगडी होती, ते त्याला माहीत होतं.

समिती आंबा घाटाने आली. मोटारी सड्यावर थांबल्या, हर्षद हार घेऊन पुढे झाला, आणि पहिल्या मोटारीतून अध्यक्ष उतरले. उंचेपुरे, पांढऱ्या मिशा, काळा चष्मा. त्यांनी दोन पावलं टाकली आणि वाकले. झालं! हारवाले मागे सरले. ढोलवाला तेवढा वाजवतच राहिला, मूर्ख कुठला.

गर्दीतून उल्का धावत आली. कुणाला विचारणं नाही, सवरणं नाही, सरळ अध्यक्षांचं कपाळ धरलं. "ओका साहेब. आवरू नका. आवरलं की जास्त होतं." मग त्यांना कातळावर बसवलं, समुद्राकडे तोंड करून, आणि आलेपाकाची वडी दिली. माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. त्यांनी विचारलं, "बाई, या रस्त्याने सगळ्यांनाच असं होतं का हो?"

हर्षद तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. लोणी म्हण, लोणी!

"सगळ्यांचं माहीत नाही साहेब," उल्का म्हणाली. "मला होतं. माझी मुलगी रेस खेळते, ऋजुता. या घाटापायी मी तिची एकसुद्धा रेस पाहिलेली नाही."

अध्यक्ष मान हलवून उठले आणि ट्रॅक पाहायला निघाले. ट्रॅकची त्यांनी तोंड भरून स्तुती केली, राखणदाराचं वळण तर फारच आवडलं. पण आठवड्याने निकाल आला. रेस घाटावर गेली. कारण काय, तर स्पर्धकांचे ट्रक आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी रस्ता फार वळणाचा.

मग काय विचारता! हातातोंडाशी आलेला घास उल्काने घालवला म्हणे. हर्षदने आमच्या घराकडे पाठ फिरवली. दुकानात एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "हिला गाडी लागते ती लागते, गावाला कशाला लावायची?" मी त्याला तिथेच सोलला. म्हटलं, "मेल्या, तो माणूस घाट स्वतःच्या पोटात घेऊन आला होता, त्याला आणखी कुणी सांगायला हवं होतं? आणि समोर माणूस ओकत असताना तू काय केलंस? नाक धरलंस!"

उल्का या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत नाही. तिला लागतं. दोन दिवस जेवली नाही धड. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "वन्सं, मी जाते."

"कुठे?"

"रेसला. यांना सांगा, मोटार काढायची. ऋजुता मेकॅनिकबरोबर पुढे जाईल, तिला आधी कळवू नका, उगाच काळजी करेल."

"अगो, घाट आहे. तुला गाडी लागते."

"लागते तर लागू दे," ती म्हणाली आणि भेंडी चिरत राहिली.

त्या प्रवासाचं वर्णन करत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. ती पुढे बसली, मी मागून हात घालून कपाळ धरलं. घाट लांबच, हातखंबा येईपर्यंतच पोट रिकामं झालं. आंबा घाटात सलिलचे डोळे भरून आले, म्हणाला, "थांबवतो, जरा मोकळ्या हवेत बस." तर ही म्हणते, "थांबू नका हो. थांबलं की परत सुरुवात करावी लागते."

ट्रॅकवर पोचलो तेव्हा ती हिरवी पडली होती, नेसलेल्या साडीची रया गेली होती. कर्णे ओरडत होते, गाड्यांचा कल्ला, धुरळा. सलिल ऋजुताचा तंबू दाखवायला पुढे गेला. तंबूत ती नव्हती. तिचा मेकॅनिक संकोचून म्हणाला, "मागे आहे. येईल आत्ता."

आम्ही मागे गेलो. उसाच्या बांधाशी आमची वाघीण चिलखतासारखं जाकीट चढवून, एका हाताने कुंपणाचा बांबू धरून, वाकून ओकत होती. एकटीच.

उल्काला चालवतसुद्धा नव्हतं मघापासून. ती धावली. जाऊन तिने लेकीचं कपाळ धरलं.

ऋजुताने वर पाहिलं. "आई? तू कशी आलीस?"

"आधी पुरं कर. आवरू नको."

ते झालं. उल्काने पर्समधून पाण्याची बाटली काढली, चूळ भरायला लावली, आवळासुपारी दिली. पोरीने ती तोंडात टाकली. "प्रत्येक रेसच्या आधी होतं," ती म्हणाली. "पहिल्यापासून. बाबांनासुद्धा कळू दिलं नाही. रेस सुरू झाली की थांबतं."

"आणि मला सांगितलं नाहीस गो?"

"तू यायला निघाली असतीस, आई. आणि तुला गाडी लागते."

उल्काने पुन्हा तिचं कपाळ धरलं. मग म्हणाली, "गाडीचं काय घेऊन बसलीस? असल्या वेळी कुणीतरी लागतं गं माणसाला."

ऋजुता तिच्या खराब झालेल्या साडीत तोंड खुपसून रडली, मग हेल्मेट घालून गेली. सलिल तिकडे बघून चष्मा पुसत होता. मी रडले नाही, म्हणजे फारशी नाही.

रेस आम्ही कुंपणाला लागून पाहिली. समितीचे ते अध्यक्ष आले, त्यांनी उल्काला ओळखलं, हात जोडले आणि सावलीत खुर्ची देऊ केली. ती नको म्हणाली, उभीच राहिली. गाड्या हवेत उडायच्या तेव्हा मी डोळे मिटायचे. तिने एकदाही मिटले नाहीत. डावा हात कुंपणावर, उजव्याची मूठ घट्ट मिटलेली. नंबर विचारू नका, चौथी आली. पण शेवटच्या फेरीला आमच्या समोरून जाताना त्या पोरीने हात वर केला. तो कुणासाठी, ते साऱ्या गर्दीत आम्हा तिघांनाच कळलं.

सगळं संपलं तशी मी बाटली पुढे केली. म्हटलं, "उल्का, हात धू आता. मघापासून तशीच उभी आहेस."

तिने मूठ उघडून पाहिली. तळव्यावर पोरीच्या कपाळाचा घाम आणि माती वाळली होती.

"राहू दे हो वन्सं जरा," ती म्हणाली, आणि मूठ परत मिटली.